बाळंतिणीची फडकी

मी बारावी सायन्स शिकलेली बाई. जळगावच्या कॉलेजात बेडकाचं पोट फाडून त्याचं काळीज ट्रेमध्ये काढून दाखवलेलं. पण बाळंतपणानंतर आपल्या अंगावरून काय जातं, किती दिवस जातं आणि कधी घाबरायचं, हे मला कुणी म्हणजे कुणीही सांगितलं नव्हतं. प्रजननाचा धडा आला तेव्हा सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "हा घरी वाचून घ्या." घरी! घरी या गोष्टीचं नावसुद्धा कुणी घेत नव्हतं. त्या सरांची आठवण आली की आजही मी दातओठ खाते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सासर जळगावला मेहरूणमध्ये, माहेर शिरपूरकडच्या खेड्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिकडे गेले. सुईणीच्या हातून घरीच मुलगी झाली आणि सव्वा महिन्यासाठी माझी रवानगी मागच्या खोलीतल्या बाजेवर झाली. आईनं याच खोलीत तिच्या धाकट्या बहिणीचंही बाळंतपण केलं होतं. ती मावशी विसाव्या दिवशी गेली. तिला बाहेरचं लागलं, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं.

बाजेखाली निखाऱ्यांचा शेक, दोन्ही वेळा ओवा आणि बाळंतशोपांची धुरी. विटाळ म्हणून मला आईशिवाय कुणी शिवत नसे. माझी फडकी आईच धुवायची, पण कशी? घमेल्यात टाकून, वरून पाणी ओतून, तोंड भिंतीकडे करून पायानं तुडवायची. त्या फडक्यांकडे बघायचं नाही, असा नेम होता. वाळत घालायची ती परसात कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागे, सावलीत, कारण पुरुषाची नजर पडता कामा नये. म्हणजे माझ्या अंगातून काय जातंय हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, धुणारीलाही नाही.

पहिले काही दिवस लाल जात होतं, मग तपकिरी, मग अगदी थोडं. मला बरं वाटू लागलं होतं. सोळाव्या-सतराव्या दिवशी परत भळभळा लाल सुरू झालं. लिंबाएवढ्या गाठी पडायला लागल्या. वास असा, की माझी मलाच किळस यावी. मी आईला सांगितलं.

"घाण निंघी ऱ्हायनी, निंघू दे," ती म्हणाली. "पोट मोकळं व्हई."

ताप चढला तर म्हणाली, "दूधना ताप शे." वासासाठी तिनं धुरी वाढवली. खोलीत ओव्याचा असा काही धूर कोंडला, की वास कुणाला यायचा? आणि मी, बेडूक फाडणारी, मान डोलावत पडून राहिले. राग येतो तो सगळ्यात आधी माझा मलाच.

दोन दिवसांनी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई मुलीला बघायला आल्या. त्यांनी मुलीला हातही लावला नाही. आधी माझ्या डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली आणि आईला म्हणाल्या, "अक्का, हिची फडकी कुठं आहेत? न धुतलेली."

आई तर भडकलीच. "ते काय देखानं शे? इटाळ शे तो!"

बाईंनी स्वतःच घमेलं शोधलं, एक फडकं दोन बोटांनी उचललं, उलगडलं, वास घेतला. मग शांतपणे म्हणाल्या, "लाल, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरं, असं कमी कमी होत महिना-दीड महिन्यात थांबतं. ते ठीक. पण कमी झालेलं परत इतकं लाल होणं, गाठी, घाण वास आणि वर ताप, हा आजार आहे, अक्का. आत्ताच्या आत्ता हलवा हिला."

भाड्याच्या जीपमधून धुळ्याला नेलं. वारेचा तुकडा आत राहून सडला होता. पिशवी साफ केली, रक्त चढवलं. आणखी उशीर केला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टर वडिलांना म्हणाले. वडील खाली मान घालून बाहेर गेले. नेमकं कशानं, हे त्यांनी विचारलंही नाही.

आठ दिवसांनी घरी आले तर बाजेशी धुरीचं मडकं तयार! माझं डोकंच फिरलं. मी ते लाथेनं सरकवलं. निखारे जमिनीवर सांडले.

"मावशीलाही असाच वास येत होता ना?" मी ओरडले. "तिची फडकीही तूच तुडवत होतीस ना? भिंतीकडे तोंड करून?"

आई निखारे गोळा करत होती.

"हाव," ती म्हणाली. "येत व्हता. मी आखो धुरी घाली."

आणखी धुरी घातली, म्हणे! मी तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. सासरी परतेपर्यंत आम्ही कामापुरतंच बोललो.

दोन वर्षांनी वहिनी बाळंत झाली, तेव्हा मी भरदुपारी माहेरी पोचले. अंगणातल्या तारेवर, जिथे वडिलांची धोतरं वाळायची, तिथे रणरणत्या उन्हात बाळंतिणीची फडकी ओळीनं पसरलेली. काहींवर न निघालेले डाग. ओट्यावर वडिलांचे थोरले भाऊ बसले होते. त्यांच्यासमोर आईनं तीस वर्षांत तोंडातून शब्द काढला नव्हता.

"हाई काय शे?" ते तारेकडे हात करून कडाडले.

आईनं पदर पुढे ओढला, पण जागची हलली नाही. "रंगत शे, आबा. दिखू द्या बठ्ठासले." रक्त आहे, दिसू द्या सगळ्यांना, असं तिनं त्यांना तोंडावर सांगितलं.

मग ती खाली बसली. घमेल्यातलं न धुतलेलं एक फडकं तिनं दोन्ही हातांनी उन्हात उलगडलं, नीट बघितलं आणि नाकापाशी नेलं. आबा उठून आत गेले. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"वास नही शे," ती म्हणाली, आणि धुवायला लागली.