उठता येईल अशी खुर्ची

खुर्ची घेताना माणसं तिच्यावर बसून बघतात. आम्ही उठून बघत होतो.

ह्यांना कंपवाताने धरलं त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. हात थरथरायचे त्याचं ह्यांना फारसं काही वाटत नसे. चहाचा कप हातात घेऊन, "पाह्य, चमचा लागतच नाही, आपोआप साखर विरघळते," म्हणत माझ्याकडे बघून हसायचे. पण आमच्या हॉलमधल्या सोफ्याने त्यांना रडवलं. हौसेने घेतलेला, मऊ, माणसाला आत ओढून घेणारा सोफा. त्यात एकदा बसले की कोणी बगलेत हात घातल्याशिवाय ह्यांना उठता येत नसे.

उठता आलं नाही तर एवढं काय बिघडलं, असं एखादा म्हणेल. त्याने आमच्या घरून पाहुणा जाताना बघितलेला नसणार. आमच्याकडे 'येतो' म्हटल्यावर पाहुणा जात नाही, फक्त हॉलमधून हलतो. मग पोर्चमध्ये थोडा वेळ, चपला घालताना थोडा वेळ, आणि खरी बैठक फाटकाशी. अमरावतीच्या उन्हातसुद्धा. संत्र्यांचा बहर, कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाची बदली, सगळं फाटकाची कडी हातात धरून. हे प्रत्येकाला फाटकापर्यंत पोचवायला जायचे, गॅसवाल्यालासुद्धा. "बसल्या जागेवून पाहुन्याले जा म्हननं म्हंजे हाकलनंच झालं ना," असं त्यांचं म्हणणं. आता पाहुणे "बसा बसा, उठू नका" म्हणायचे आणि घाईने निघून जायचे. मग हे सोफ्यातूनच फाटकाची कडी वाजलेली ऐकायचे.

म्हणून खुर्ची घ्यायची ठरली. पुण्याहून मुलीने मोबाईलवर फोटो पाठवायला सुरुवात केली, जुन्या अँटिक खुर्च्यांचे, साठ-सत्तर वर्षांपूर्वी डिझायनरांनी घडवलेल्यांचे. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. रेषा चांगली दिसली की माझं डोकं फिरतं. मला त्या सगळ्याच हव्याशा वाटल्या. ह्यांनी एकेक फोटो चष्मा वर करून बघितला आणि विचारलं, "हे बसाले हाय का पाहाले?"

अमरावतीतली दुकानं आधी झाली. कोरीव शिसवी खुर्ची बघितली, पाठीवर मोर. आमच्या एवढ्याशा हॉलमध्ये ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड. हॉटेलात असायच्या तशा वाकवलेल्या लाकडाच्या गोल पाठीच्या बघितल्या, त्यांना हातच नव्हते. लांब हातांची आरामखुर्ची इतकी देखणी होती की मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. हे तिच्यात बसले आणि उताण्या पडलेल्या किड्यासारखे हातपाय हलवत राहिले. दुकानदाराला हसू आलं. मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं.

मग भाड्याची गाडी करून अकोल्याला गेलो. तिथे गावाबाहेर एका माणसाचं जुन्या लाकूडसामानाचं आवार आहे. बंद पडलेली ऑफिसं, विकलेली घरं, यांतलं सगळं त्याच्याकडे येतं. तिरप्या पायांच्या, वेत विणलेल्या, मुलीने फोटो पाठवला होता हुबेहूब तशा खुर्च्या पत्र्याखाली एकावर एक रचून ठेवलेल्या. "याले मुंबईवाले लय मागतात," तो म्हणाला. मी हात फिरवत बसले. हे मात्र कोपऱ्यातल्या एका खुर्चीकडे गेले.

कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या ऑफिसातली सागवानी खुर्ची होती ती. कोणा डिझायनरची नव्हे, कोणा सुताराची. बैठक उंच. आणि हात बैठकीच्याही पुढे आलेले, टोकाला गोल, तळव्यांनी घासून घासून गुळगुळीत झालेले. वेत मात्र फाटला होता. मालकाने वर फळी टाकली.

"बसा काकाजी."

हे बसले. मग खुर्चीच्या हातांची टोकं धरली, पुढे वाकले आणि उभे राहिले. एकटे. मी मदतीला पुढे केलेला हात तसाच राहिला.

"पुन्ना बसून पाहू का?" त्यांनी मला विचारलं, लहान मूल विचारतं तसं. बसले, उठले. परत बसले, परत उठले. सौदा झाला, वेत विणून द्यायचं ठरलं. निघताना मालक आमच्याबरोबर गाडीपर्यंत यायला लागला तर ह्यांनी त्याला अडवलं, त्याच्याच आवारात, त्यालाच ऑफिसच्या दारापर्यंत पोचवून आले. इतके खूश होते.

परतताना मूर्तिजापूरला नणंदबाईंकडे थांबलो. ह्यांची थोरली बहीण, आईच्या माघारी ह्यांना वाढवणारी. खुर्चीचं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "आनता कवा?"

"वेत विणून झाला की. आठवड्याभरात."

"मंग पितरं लागतीन ना वं. पितरांत घरात नवी वस्तू आनत नाहीत. नवरात्रात आना."

"बाई, खुर्ची माझ्यापेक्षा जुनी आहे. ती नवी कशी?"

"आपल्या घरात तं नवीच ना!"

मी तोंड उघडणार होते, पण ह्यांनी डोळ्यांनी गप्प केलं. गाडीत म्हणाले, "पंधरा दिवसानं काय होते? बाईचं मन काहून मोडाचं?"

खुर्ची विणून तयार झाली आणि अकोल्याच्या पत्र्याखाली पितृपक्ष सरायची वाट बघत राहिली.

त्या पंधरवड्यात सासऱ्यांचं श्राद्ध आमच्याकडेच होतं. नणंदबाई आल्या, खीर-वडे झाले, दुपार कलली. मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी डबा भरत होते. त्या हॉलमध्ये म्हणाल्या, "येतो रे भाऊ." आणि मग आवाज आला.

ह्यांनी सोफ्यातून एकट्याने उठायचा प्रयत्न केला होता. अकोल्यात जमलं तर इथे का नाही, असं वाटलं असेल. बहिणीला पोचवायचं होतं. खुब्याचं हाड मोडलं.

घटस्थापनेला खुर्ची आली. हे पलंगावर होते. "इथं ठेव, मले दिसन अशी," म्हणाले. मी ती पायथ्याशी ठेवली. नवा वेत पिवळाधमक दिसत होता. पडल्यापडल्या हे तिच्याकडे बघायचे आणि कधी कधी पांघरुणावर त्यांचे तळवे दाबले जायचे, हातांची टोकं धरल्यासारखे. मला ते बघवत नसे. मी उठून उगाच गॅस पुसत बसे. थंडीत हे गेले. खुर्चीवर एकदाही बसले नाहीत.

दुखवट्यात कोणी खुर्चीवर बसत नाही. सगळं घर सतरंजीवर. बसायला आलेली माणसं 'येतो' म्हणत नाहीत, मुकाट उठून जातात, आणि घरच्यांनी त्यांना पोचवायला जायचं नसतं. ह्यांच्या घरात, ह्यांच्यासाठी आलेला एकेक माणूस कोणीही न पोचवता गेला. मी भिंतीला टेकून बघत होते.

आणि नणंदबाईंचा मला राग होता. खोटं कशाला बोलू? तेरवी होईपर्यंत मी एक वाक्य जपून ठेवलं होतं: 'बाई, तुमची पितरं जेवली, आता झालं समाधान?' त्या निघतील तेव्हा म्हणायचं, असं ठरवलं होतं.

तेरवीनंतर सतरंज्या गुंडाळल्या, मुलीने खुर्ची हॉलमध्ये आणून ठेवली. माझे गुडघे जमिनीवर बसून आखडले होते. मी तिच्यावर बसले. नणंदबाई पिशवी घेऊन आल्या, डोक्यावर पदर घेतला. खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. "येतो वं," म्हणाल्या आणि चालू लागल्या. वाक्य माझ्या जिभेवर होतं.

बाहेर ऑटो उभा होता. फाटकाशी जाऊन त्या थांबल्या. कडीवर हात ठेवून हॉलच्या दाराकडे वळून बघत उभ्या राहिल्या. ऑटोवाल्याने हॉर्न दिला.

"थांब ना रे जरासाक," त्या त्याला म्हणाल्या, "भाऊ येऊन राह्यला."

मग त्यांचं त्यांनाच कळलं. कडीवरचा हात निघेना.

मी खुर्चीच्या हातांची टोकं धरली, उठले, आणि फाटकापर्यंत गेले.