आबांनी आणलेलं मटण

माय गेल्यानंतर आबा पहिल्यांदा माझ्याकडे आले ते भर उन्हाळ्यात. माझे वडील चाकूरजवळच्या आमच्या गावात एकटेच राहायचे. मी नांदेडला नर्स, नवरा विष्णुपुरीकडे एका वर्कशॉपमध्ये कामाला. "येतो बारापर्यंत," एवढंच ते फोनवर म्हणाले होते. पण लोह्याच्या अलीकडे बस बंद पडली आणि दारात उभे राहिले तेव्हा चार वाजून गेले होते. सदरा पाठीला चिकटलेला, ओठ सुकलेले, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

पाणीसुद्धा न पिता त्यांनी पिशवी उघडली. वर धोतर, त्याखाली टॉवेल, टॉवेलात गुंडाळलेल्या दोन कॅरीबॅगा.

"तुला आवडतं म्हणून घेतलं. पहाटं जाऊन आणलं. ताजं हाय."

डुकराचं मटण होतं, दीडेक किलो, कातडीसकट. माय असताना आमच्याकडे महिन्यातून एकदा व्हायचं. त्या दिवशी मी चुलीपासून हलायची नाही. बसमध्ये कुणी नाक मुरडू नये म्हणून आबांनी ते कपड्यांच्या तळाशी ठेवलं होतं आणि गार राहावं म्हणून टॉवेल भिजवून घेतला होता. तो केव्हाच वाळून गेला होता.

मी गाठ सोडली आणि लगेच कळलं. आंबूस वास येत होता, बोटाला चिकट लागत होतं. पहाटेपासून ते मांस त्या उन्हात होतं. असलं खाऊन सलाईन लावायला आलेली माणसं मी दवाखान्यात रोज बघते. पण आबा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"छान आहे," मी म्हणाले. "तुम्ही आंघोळ करून घ्या. मी लावते शिजायला."

मोरीत पाणी पडायला लागलं तसा मी नवऱ्याला फोन केला. "येताना डुकराचं मटण आण. आपल्या नेहमीच्या दुकानातून. आबांना काही बोलू नको." मग घरामागे खोल खड्डा केला, मटण पुरलं, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला. ओटा उकळत्या पाण्यानं धुतला, हात साबणानं दोनदा धुतले. माती टाकताना मला रडू आलं. मटण वाया गेलं म्हणून नव्हे, त्यांनी ते एवढ्या लांब मांडीवर धरून आणलं म्हणून.

संध्याकाळी जेवायला बसलो. आबांनी एक फोड उचलली, उलटसुलट बघितली, खाल्ली.

"बाई, ह्याला कातडी न्हाई."

नवरा ताटात बघायला लागला. मी म्हणाले, "आबा, तुम्ही आणलेलं खराब झालं होतं."

"मला ठावं होतं," ते म्हणाले. "लोह्याला बस थांबली तवाच वास येऊन राहिला होता. पर टाकायला हात होईना. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कसं यावं? पर तू बोलली कामून न्हाई?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"घ्या! तुझ्या मायनं दारातूनच पिशवी भिरकावली असती. मला बी भिरकावलं असतं."

आम्ही तिघंही हसलो. मग ते भात कालवत हळूच म्हणाले, "ती गेल्यापून घरात शिजलंच न्हाई. शेजारून पिठलं येतं, त्याच्यावर भागतं. मला नुस्तं आणायचं ठावं. पुढचं सगळं ती करायची."

वर्षभर हा माणूस त्या पिठल्यावर दिवस काढत होता आणि फोनवर रोज "जेवलो" म्हणत होता.

रविवारी मी त्यांना सोबत घेऊन दुकानात गेले. झाकणाचा डबा घेतला, पिशवीत बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या घातल्या आणि वाटेत कुठंही न थांबता घरी आलो. एका वेळेला पुरेल एवढी पाकिटं करून बर्फाच्या कप्प्यात लावली. त्यांनी प्रत्येकावर चिकटपट्टी लावून पेनानं तारीख घातली, शाळेत पाटीवर काढतात तशी गोल अक्षरं. उद्याचं मटण झाकून खालच्या फळीवर ठेवलं.

"वर कामून न्हाई? वर जागा हाय की."

"त्याचं पाणी खाली कोथिंबिरीवर गळलं तर? आपण ती कच्चीच खातो."

मटणाची सुरी वेगळी, हे त्यांना पटलं, कारण मायचीही विळी वेगळी होती. पण गोठलेलं पाकीट ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्येच खाली उतरवून बर्फ सुटू द्यायचा, हे काही केल्या पटेना. "फ्रीजमधून काढायचं आन फ्रीजमधीच ठिवायचं? मग काढायचं कशाला?" दोन दिवस ते याच्यावर हसत होते.

शिजवायला मात्र ते शाळकरी पोरासारखे बसले. सगळ्यात जाड फोड काढायची, मधून फोडायची, आत गुलाबी दिसलं तर परत झाकण. तीनदा त्यांनी झाकण काढलं, तीनदा ठेवलं. मीठ लई झालं होतं. आम्ही ताक पीत पीत सगळं संपवलं.

गावी परतल्यावर त्यांनी छोटा फ्रीज घेतला. कधी मधेच फोन येतो, "सकाळपून लाईट न्हाई, पाकीट मऊ पडून पाणी सुटलंय." मी टाकायला सांगते. ते जरा कुरकुरतात, पण टाकतात.

दिवाळीला आम्ही दोघं गावी गेलो. आबांनी मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. "तू पाव्हणी हायस," म्हणाले. मी उंबऱ्यावर बसून बघत राहिले. मायच्या पातेल्यात ते चमचा घालत होते, फोड काढून उजेडात धरत होते, परत टाकत होते. चांगलं शिजलं याची खात्री पटली तेव्हा कुठं त्यांनी हाक मारली. पहिलं ताट जावयाचं, दुसरं माझं. ते स्वतः मात्र बसलेच नाहीत.

"कसं झालंय?"

"चांगलं झालंय, आबा."

"खोटं न्हाई ना?"

मी ताट पुढे केलं, "अजून वाढा."