न वाकणारी शीट

अमरावतीच्या हॉस्पिटलमधून जळीत वॉर्डच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या एमआयडीसीत, आमच्या टेस्टिंग रूममध्ये होते. समोरच्या, ताकद मोजायच्या मशीनवर नवी बॅच आरामात पास होत होती.

"मॅडम, तुमची शीट आता फाटत नाही," ते म्हणाले, "पण पेशंटचा हातही वाकत नाही."

मी कपाळाला हात लावला.

आम्ही हायड्रोजेल शीट बनवतो. भाजलेल्या जखमेवर लावायची थंडगार पट्टी. जवळजवळ सगळं पाणीच, जेलीसारखं धरून ठेवलेलं. नुसती जेली उचलताना तुटते, म्हणून तिच्या पोटात बारीक जाळी घालतात. स्लॅबमध्ये सळ्या घालतात तसंच. आधी आमची शीट काढताना फाटायची. तेव्हा जाळीची वीण बदलू या, असं मी म्हटलं होतं. आमच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, जाळी जाड करायला लावली आणि विषय संपवला.

आता सर म्हणाले, टेस्ट रिपोर्ट पाठवून द्या. मी म्हटलं, रिपोर्टनं हात वाकणार नाही. ते हसले. मी वैतागून अमरावतीची बस धरली.

वॉर्डात वनिताबाई होत्या. दर्यापूरकडच्या, घरची भाजीची शेती. लग्नाच्या स्वयंपाकात उकळतं तेल कोपराभोवती सांडलेलं. भाजलेली कातडी भरताना आखडते. सांधा रोज हलवला नाही तर हात कायमचा अडकतो. त्यांनी माझ्यासमोर हात दुमडून पाहिला. शीट पुठ्ठ्यासारखी उचलली गेली, तिची कड जखमेत रुतली. त्यांनी डोळे मिटून हात परत होता तसा ठेवला. सिस्टर म्हणाल्या, बाई आता व्यायामच टाळतात.

"मले म्हनता हात हालवा, अन् वरून हे असं बांधून ठेवता," वनिताबाई म्हणाल्या. "हात असाच राह्यला तं वांगे तोडाले कोन जाईन?"

मी परतीची बस धरली.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सरांनी पुन्हा रिपोर्ट काढला. मी त्यांना बाही वर करायला सांगितली, कोपराभोवती आमचीच शीट लावली, वरून बँडेज गुंडाळलं. म्हटलं, आता चहा घ्या. कप तोंडापर्यंत पोचेना. त्यांनी दोनदा जोर लावला, मग कप खाली ठेवला.

"काहून एवढी कडक केली हे?" त्यांनी विचारलं. जणू कुणी दुसऱ्यानंच केली होती.

"तुम्हीच सांगितलं होतं, सर."

धोतराचं कापड ताणलं जात नाही, बनियनचं ताणलं जातं, कारण त्याची वीण फासाफासांची असते. तशी जाळी मागवली. पहिल्या बॅचमध्ये जेल जाळीवरून घसरलं. दुसरीतही तेच. सर रोज येऊन, "म्हटलं नव्हतं?" असं विचारून जायचे. मग जेल थोडं पातळ ओतलं, ते फासांमध्ये शिरलं आणि शीट जमली. मशीनवर तिची ताकद जुन्या शीटपेक्षा कमी भरली, म्हणून सेल्सवाले माझ्यावर नाराज.

वनिताबाईंना तिचा उपयोग झाला नाही. तोवर डॉक्टरांनी साध्या मलमपट्टीवर जखम भरून आणली होती. हात पूर्ण वाकत नाही, पण तोडणीला त्या जातात, असं डॉक्टरांनी कळवलं.

आमच्या माहितीपत्रकात अजून 'सर्वात मजबूत' असंच छापतात. मी भांडणं सोडलंय. फक्त प्रत्येक बॅचमधली एक शीट आता कुणाच्या तरी हातावर लावून बघते. मशीनला कोपर नसतो.