ओहोटीला सोडलेली दोरी

पाणी ओसरलेल्या चिखलात कुशीवर कललेली होडी, तिच्या लाकडाला चोपडलेल्या माशाच्या तेलाचा उन्हात चढलेला उग्र वास, आणि तिला माडाच्या बुंध्याशी जखडून ठेवणारी काथ्याची दोरी... चिखलात रुतलेल्या होडीला बांधायचं कशाला, ती काय उठून चालायला लागणार आहे? असा बिनतोड विचार करून दहा वर्षांच्या मी ती दोरी सोडली आणि उड्या मारायला परसात घेऊन गेले. मूर्खपणा कबूल करायचा तर सविस्तर करावा, म्हणून सांगते : उड्यांचा माझा विक्रमही त्याच दुपारी झाला.

मी कसब्यातली. मुठेचं पाणी आमच्याकडे एकाच दिशेनं जायचं, अगदी पुणेकरासारखं, एकदा ठरवलं की ठरवलं. रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा मी शाळेत इतका सुबक काढत असे की बाई तो वर्गभर फिरवत. किनाऱ्याच्या निळ्या रेघेला खाड्यांच्या खाचा पाडताना मला वाटे, हा प्रदेश आपल्याला तोंडपाठ आहे. त्या एका खाचेच्या काठी आत्या राहते आणि त्या खाचेत दिवसातून दोनदा समुद्र आत शिरतो, हे नकाशात कुठे दिसतं?

सुट्टीत मी आले होते त्या आत्याच्या गावात जांभ्या दगडाच्या कुंपणांवर, गडग्यांवर, आमसुलं वाळायची, फणसाचा गोड दर्प दुपारभर घरात रेंगाळायचा. बाजार, दवाखाना, कचेरी, सारं पलीकडच्या तीरावर. होडीनं घटकाभराचं अंतर, डोंगराला वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस. हातातल्या पाटल्या मोडून आत्यानं ती होडी घेतली होती, आणि नऊवारीचा काष्टा आवळून ती स्वतःच वल्हवायची. होडी म्हणजे तिचे पाय होते... आणि ते मी सोडून दिले होते.

दमून परत आले तर चिखलाच्या जागी पाणी, आणि होडी नाही. आत्या काठावर उभी होती. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.

"दोरी चांगली आहे ना?" ती शांतपणे म्हणाली. "आता हिला शोभेल अशी होडी शोध."

ओटीवरून तिच्या सासऱ्यांचा, मामंजींचा, खणखणीत आवाज आला, "होडी कुठाय? दावं कुणी सोडलं?"

"सुटलं असेल हो!" आत्यानं तिथूनच उत्तर दिलं.

शेजारच्या खतीजाचाची खाडीत कालवं काढायला जात. त्यांच्या छोट्या होडीत, डोणीत, बसून आम्ही शोधायला निघालो. मी रडत रडतही समुद्राकडे बोट दाखवत होते, कारण नदी समुद्राला मिळते, पुस्तकात तसंच होतं.

"अगो, भरती वर चढतेय नि तू खाली काय बघतेस?" चाची इतक्या हसल्या की डोणी डुचमळली. "तुमच्या पुण्यात पाणी कुणाला विचारून वाहतं?"

"महापालिकेला," आत्या म्हणाली.

मी मात्र रडतच होते. होडी मिळाली नाही तर आत्या बाजारात कशी जाणार, आणि मला पुन्हा कोण बोलावणार? खाडी आत आत अरुंद होत गेली. खारफुटीच्या मुळांतून कुजक्या पानांचा नि मिठाचा वास येऊ लागला... आणि तिथे, फांद्यांत नाक खुपसून, होडी निवांत डुलत होती. तिच्यावर एक बगळा मालकासारखा उभा होता.

आता त्या खाडीवर पूल आहे. आत्या नाही, चाची नाहीत. मी धायरीतल्या पाचव्या मजल्यावर राहते, नातीला हे सांगितलं की ती म्हणते, "आजी, सिरियसली? एवढी ढ होतीस?" होते बाई. पण एकटीच नव्हते, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. चाची पुढे निघून गेल्या होत्या, पाण्यावर तांबूस उजेड होता. आत्यानं एक वल्हं माझ्या हातात दिलं, घराच्या दिशेनं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली :

"रडणं पुरे. मामंजींना यातलं अक्षर सांगायचं नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी कपडे वाळत घालायला म्हणून मीही अशीच दोरी सोडून नेली होती. त्यांची ती होडी काही सापडली नाही. ते अजून चोर शोधताहेत."