दाराबाहेरच्या चपला

समुपदेशक बाईंच्या खोलीत चपला काढून जावं लागतं. त्यामुळे बाहेरच्या बाकावर बसलं, की आत किती माणसं आहेत ते कळतं. आमच्या आधीची वेळ असलेल्या कुटुंबाचे सुरुवातीला चार जोड असायचे. मग तीन झाले, मग दोन. आज दारापुढे काहीच नव्हतं.

मला त्याचं नवल वाटलं नाही. आमची सई वर्षभर तिच्या बाबांशी बोललेली नाही. दुसऱ्याच भेटीत बाईंनी तिला विचारलं, "बाबांना काय सांगायचंय?"

"काही नाही. ते ऐकतच नाहीत."

"सगळं ऐकतो मी," माझा नवरा म्हणाला, आणि पुढची दहा मिनिटं एकटाच बोलत राहिला. घरी आल्यावर म्हणाला, "तुम्ही दोघी जात जा. मी सोडायला येईन." तेव्हापासून तो तासभर बाहेर बाकावर बसतो, पायांत बूट तसेच ठेवून.

आज आम्ही बाहेर आलो, तर सईच्या चपला कुणीतरी फिरवून ठेवल्या होत्या. सरळ पाय घालून निघता येईल अशा. बाकावर तो एकटाच होता, मोबाइलमध्ये बघत. सईने चपलांकडे पाहिलं, पाय घातले आणि गाडीकडे गेली.

मला बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात काहीच हललं नाही. पुढच्या शनिवारची वेळ घ्यायला मी नोंदणीच्या टेबलापाशी गेले.

"दोघींचीच ना?" तिथल्या मुलीने विचारलं.

"तिघांची लिहा," मी म्हणाले.