करंजीचा घाट आणि माझं पोट

मला गाडी लागते, ही ओळख आमच्या सावेडीच्या घरात माझ्या नावाच्याही आधी दिली जायची. पाहुणे आले की मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यांना अंगणात नेऊन आपली गाडी दाखवत आणि शेवटी हसून म्हणत, "गाडी राजेशाही आहे. फक्त आमच्या सूनबाईला मानवत नाही. सवय नाही ना!" पाहुणे हसत. मीही हसे, आणि आत मेल्याहून मेल्यासारखी होई.

गाडी होती मात्र राजेशाहीच. डोंगरदऱ्यांत, दगडधोंड्यांत चालवायला केलेली परदेशी बनावटीची मोठी जीप. जन्मभर खाली मान घालून कारकुनी केलेल्या मामंजींनी निवृत्त झाल्यावर ती जुनीच घेतली, आणि त्यांची मान जी वर झाली ती झालीच. स्टिअरिंगमागे, काट्यांच्या मधोमध गणपतीचा छोटा स्टिकर होता. गाडी सुरू करण्याआधी त्याला नमस्कार केल्याशिवाय घरातलं कुणी हलत नसे. मी तर मागच्या सीटवरून जरा जास्तच वेळ हात जोडायची.

देव सरळ रस्त्यापुरताच पावायचा. माझं माहेर पाथर्डीकडे, करंजीचा घाट ओलांडून. पहिल्या वळणाला गाडी अशी काही कलायची की मी खिडकीवर आणि खिडकी दरीवर. दुसऱ्या वळणाला पोट गळ्याशी, तिसऱ्याला पिशवी तोंडाशी. पुढे बसलेले मामंजी मागे न बघता काच खाली करत. नवरा बिचारा गाडी हळू घेई, त्यानं डोलणं फक्त लांबे.

माहेरच्या आळीत तर तमाशाच. गाडी वळली की शेजारच्या बायका ओट्यावर येत. "आली गं, बादली आणा!" आई दारात तांब्या आणि कापलेलं लिंबू घेऊन उभी असे. भाकरतुकडा ओवाळण्याआधी ती माझं तोंड धुवे. दारामागच्या खुंटीवर तिनं माझ्यासाठी एक धुतलेलं लुगडं कायमचं टांगून ठेवलं होतं. आळीत दुसऱ्या कुणाच्या लेकीला एवढी मोठी गाडी नव्हती आणि आळीत दुसऱ्या कुणाची लेक असा घाण वास घेऊन उतरत नव्हती. हळूहळू मी जाणं कमी केलं. आईचे गुडघे गेले, तिला येता येईना. मी फोनवर म्हणे, "गाडी लागते गं, काय करू." ती म्हणे, "ऱ्हाऊ दे मग."

यंदा संक्रांतीनंतर गाडीखाली तेलाचे थेंब दिसायला लागले. माहेरी निघालोच होतो, तर वाटेत भिंगारच्या पुढच्या गॅरेजात दाखवून जाऊ, असं नवरा म्हणाला. मिस्त्री गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. आला तो डोकं खाजवत.

"साहेब, हिची कलू न द्यायची व्यवस्था कुणी बंद केली?"

मग त्यानं समजावलं ते असं. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एक लोखंडी दांडा असतो, गाडी वळणावर कलू नये म्हणून. या गाडीत त्या दांड्याला तेलाच्या दाबानं चालणारं नळकांडं जोडलेलं. वळण आलं की इंजिनवरचा पंप दाब देतो, दांडा ताठ होतो, गाडी सरळ राहते. कुणीतरी पंप फिरवणारा इंजिनचा पट्टा काढून, पंपाला वगळून तोकडा पट्टा चढवला होता आणि तेलाच्या पाइपांची तोंडं बोल्ट ठोकून बुजवली होती; त्यातलाच एक बोल्ट आता सैल होऊन ठिबकत होता. दाबच नाही म्हटल्यावर दांडा असून नसल्यासारखा. "रिकामी बैलगाडी बरी म्हणायची," तो म्हणाला. "पण मग काट्यांमधला बिघाडाचा लाल दिवा कसा लागत न्हाई?"

त्यानं गणपतीच्या स्टिकरकडे पाहिलं, नमस्कार केला आणि ओल्या फडक्यानं तो हलकेच सोडवला. खाली लाल दिवा ढळढळीत पेटलेला होता. इतकी वर्षं मी त्यालाच हात जोडत होते.

"आधीच्या मालकाचं काम," मामंजी घाईनं म्हणाले. "तसा काही फरक पडत नाही. गाडी ठणठणीत आहे."

मला आवाज चढवायची सवय नाही. त्या दिवशी चढला. "मग तुम्ही बसा ना मागे."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. मिस्त्रीनं दुसरीकडे पाहिलं. मामंजींचं तोंड लाल झालं, पण माघार घेतली तर ते मामंजी कसले! मागचं दार उघडून ते माझ्या जागेवर बसले, मी त्यांच्या शेजारी. मिस्त्रीनं गाडी चांदबिबीच्या डोंगराच्या रस्त्याला घातली. पहिल्या वळणाला त्यांनी वरची कडी धरली. दुसऱ्याला चष्मा काढून खिशात ठेवला. मग माझ्याकडे न बघता नुसता हात पुढे केला, आणि मी पिशवी दिली.

गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला मी त्यांचं कपाळ धरून उभी होते आणि मला आनंद होत होता. लपवून काय उपयोग, चांगला भरपूर आनंद होत होता. पर्समधली आवळासुपारी त्यांच्या हातावर ठेवली तेव्हा ते दगडावर बसून म्हणाले, "मीच बंद करून घेतलं होतं. पहिल्याच दसऱ्याला. पूजेला सगळे जमले आणि गाडीखाली तेलाचं थारोळं. माझा मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, कारकुनाची गाडी, कागदावर सही करायची तर फरशीवर करती. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. वाटलं, तेल गळणं थांबलं म्हणजे झालं."

"आणि मी?"

त्यांनी हातावरची सुपारी नुसती मुठीत मिटली. माझा आनंद तिथेच विरला. पांढऱ्या मिशीला लागलेलं मला दिसत होतं आणि पुसावं की न पुसावं ते कळत नव्हतं.

त्या दिवशी आईकडे जाणं राहिलंच. गाडी गॅरेजात ठेवली. कंपनीचे पाइप काही मिळेनात. शेवटी ऊसतोडणीच्या यंत्रांचे आणि जेसीबीचे तेलाचे पाइप बनवून देणाऱ्या दुकानात मिस्त्रीनं जुने तुकडे नेले आणि त्याच मापाचे, टोकं दाबून घेतलेले नवे पाइप आणले. पंप बदलला, लांब पट्टा चढवला, तेल भरलं, पाइपांतली हवा काढली. लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. स्टिकर परत लावायचा का, असं कुणी विचारलं नाही.

मग आम्ही आईकडे निघालो. करंजीच्या घाटात मी दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. गाडी ताठ होती, मीही. घाट उतरून सपाटीला लागलो तेव्हा पिशवीची घडी तशीच मांडीवर होती.

आळीत बायका जमल्या, "बादली" म्हणता म्हणता थांबल्या. मी इस्त्रीच्या साडीत, कोरड्या तोंडानं उतरले. आई तांब्या आणि लिंबू घेऊन उभी. एवढ्यात मामंजी उतरले, टोपी काढली, आणि सगळ्या आळीसमोर आईला हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, खोट गाडीत होती. मी ती झाकली आणि पोरीला नावं ठेवली. चूक माझी."

हे शब्द मी मनात कितीदा त्यांच्या तोंडी घातले होते. प्रत्यक्षात ऐकताना वाटलं, त्यापेक्षा मी ओकले असते तर बरं. टोपीशिवाय ते फार म्हातारे दिसत होते. माझी मान वर होईना.

"आवं, आसू द्या. पानी घ्या आधी," आई म्हणाली, आणि माझ्यासाठी भरलेला तांब्या तिनं त्यांच्या हातात दिला.

मग आई मला आत घेऊन गेली. खुंटीवरचं लुगडं काढून घडी घालायला लागली. घडी घालताघालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटायचं, माह्यारच तुला सोसंना झालंय."

"असं काय गं बोलतेस? गाडी लागायची मला. बघायचीस ना तू."

"गाडी लागायची, व्हय." तिनं लुगडं पेटीत ठेवलं. "पन कालिजात व्हतीस तवा रोज ह्याच घाटानं यष्टीनं जायची-यायचीस. शेंगा खात. तवा कदी लागली न्हाई. यष्टी आजूनबी येतीच की गं, फाट्यापत्तूर."

बाहेर नवरा बायकांना गाडी दाखवत होता. त्या मोठ्या गाडीतून, साऱ्या आळीच्या देखत उतरायचं सोडून मी लग्नानंतर कधी यष्टीत बसले नव्हते.

आईनं आत आणून ठेवलेली लिंबाची फोड फळीवर तशीच होती. पोटात काही ढवळत नव्हतं, तरी मी ती उचलली आणि दातांत धरली, बोलावं लागू नये म्हणून.