पुढच्या सीटवरचा क्रेट

आप्पांच्या बंडीच्या खिशात पेन कधी सापडलं नाही, छाटणीची कात्री मात्र कायम असायची. माझ्या लग्नातही ती खिशातून डोकावत होती. "तुझे सासरे मांडवात कात्री घेऊन कशाला फिरतात गं?" असं मावशीने मला बोहल्यावरच विचारलं. मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात आप्पांनी जाता जाता तोरणाची लोंबती दोरी त्याच कात्रीने छाटली आणि अर्धं तोरण वऱ्हाडाच्या डोक्यावर आलं. "लोंबत होती," एवढंच ते म्हणाले. मला मेलीला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

दिंडोरीजवळ त्यांची द्राक्षाची बाग. मी नाशिकला इंदिरानगरात वाढलेली, लग्नानंतरही आम्ही दोघं तिथेच राहायचो आणि सुट्टीला बागेवर यायचो, त्यामुळे एवढी हिरवीगार वेल वर्षातून दोनदा छाटतात हेच मला नवीन होतं. आप्पांच्या बोलण्यात एक वाक्य दर चार वाक्यांनी यायचं, "जे फळ देत नाय, ते झाडाला भार." एप्रिल आणि ऑक्टोबर वेलींवर निघायचे. उरलेल्या महिन्यांत त्यांचे हात शिवशिवायचे आणि मग घरातलं काहीही धोक्यात यायचं. मिक्सरची वायर त्यांनी आखूड केली आणि तेव्हापासून सासूबाई चटणी जमिनीवर बसून वाटतात. फोनवरचं बोलणंही ते छाटायचे. "बरी हाय का? बरं." ठेवला फोन. आईला वाटायचं, व्याही रागावले.

त्यांची गाडी वीसेक वर्षांची, टर्बो डिझेल. तिच्यावर त्यांचा फार जीव. पण बॉनेट उघडलं की त्यांच्या कपाळावर आठ्या यायच्या. इंजिनावर बारीक काळ्या नळ्यांचं जाळं होतं. एक टर्बोकडे, एक धुराच्या झडपेकडे, एक कुठेतरी मागे, शिवाय त्यांना फुटलेले फाटे. बऱ्याचशा जुन्या होऊन तडकलेल्या. वणीच्या मेस्त्रीने त्यातल्या दोन-तीन काढल्या तरी चालतील असं सांगितलं आणि झालं, आप्पांना छाटणीचा हंगाम सापडला. रविवारी सकाळी ते ओट्यापुढे गाडी लावून बसले. मी चहा घेऊन गेले, तर पायाशी नळ्यांचा ढीग. ब्रेककडे जाणारी जाड नळी मोठा वळसा घेऊन जात होती, तिच्या जागी त्यांनी ठिबक सिंचनाची नळी कापून सरळ लावली होती. शेडमध्ये ठिबकची भेंडोळी पडलेलीच होती. "आप्पा, ही चालते का इथे?" मी विचारलं. "नळी ती नळी, पोरी. बागेला पाणी दहा वर्सं देती, हिला काय धाड भरली?"

खरं सांगते, गाडी नंतर छान पळायला लागली. आठवडाभर ते येईल त्याला बॉनेट उघडून दाखवत होते. "बघा, काय मोकळं झालं!" मीही कौतुकाने मान डोलावली.

मग नणंदेकडे सटाण्याला जायचं ठरलं. मी पुढे आप्पांच्या शेजारी, मागे सासूबाई पुरणाच्या मांड्यांचा डबा सांभाळत बसलेल्या. कळवणच्या अलीकडे चढ चढून गाडी तापली आणि उतार लागला. समोर कांद्याचा ट्रॅक्टर. आप्पांनी ब्रेकवर पाय दिला आणि त्यांचा चेहराच बदलला. पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं, दाबलं तरी गाडी म्हणावी तशी थांबेना. त्यांनी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या मुरमाच्या ढिगात घातली. माझं कपाळ पुढे आपटलं. सासूबाईंचा डबा सगळा सांडला. धूळ खाली बसायच्या आत आप्पा उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

ट्रॅक्टरवाला धावत आला, मागोमाग आणखी चार जण. त्याने आत डोकावून पाहिलं आणि तो अहिराणीत मोठ्यांदा म्हणाला, "बाबा, हाई तं ठिबकनी नळी शे!" सगळे हसले. ते हसू दुष्ट नव्हतं, पण मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आता आप्पा मेस्त्रीचं नाव घेतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "व्हय. मीच लावली." नळी त्यांच्या हातात होती, मधोमध चपटी झालेली. ती बोटांनी फुगवून बघत ते स्वतःशीच बोलले, "पाणी नळीला आतून फुगवतं. ही गाडी आतून वढती." ब्रेक हलका लागावा म्हणून इंजिनाचा पंप त्या नळीतली हवा ओढून घेतो, आणि इंजिनाच्या उष्णतेने मऊ झालेली नळी त्या ओढीने मिटून जाते, हे मला मागाहून कळलं. त्यांना ते तिथेच, लोकांच्या हसण्यात उभं राहून कळलं होतं.

त्या दिवसापासून आप्पा माझ्याशी बोलेनासे झाले. रागाने नव्हे. मी समोर उभी असायची आणि ते सासूबाईंना सांगायचे, "तिला विचार, चहा घेती का." गाडीच्या सगळ्या नळ्या त्यांनी नव्या आणून होत्या तशा बसवल्या, न लागणाऱ्यासुद्धा. बागेत गडी काडी कापायला लागला की हे म्हणायचे, "ऱ्हाऊ दे एखादी जादा." गडी चकित व्हायचे. आणि गाडीच्या पुढच्या सीटवर द्राक्षाचा एक रिकामा क्रेट कायमचा येऊन बसला. मागच्या सीटवर आणखी तीन. कुणी येऊ का म्हटलं, की "क्रेट हाय." सासूबाई दिंडोरीच्या बाजाराला एसटीने जायला लागल्या. नवऱ्याला वाटायचं, लोक हसले ते बाबांच्या मनाला लागलंय, होईल कमी. मलाही तसंच वाटायचं.

एकदा नवरा बाहेरगावी होता आणि मला नाशिकला परत यायचं होतं. एसटी चुकली. आप्पा गाडी काढत होते. मी पुढचा दरवाजा उघडला. ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "क्रेट हाय." मी क्रेट उचलला आणि आत बसून तो मांडीवर घेतला. "असू दे की. मी धरते."

त्यांनी इंजिन बंद केलं. मग खाली उतरले, माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "तिकडं बस आधी. चालवायच्या जागी." कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी थेट बोलले होते. मी बसले. "ब्रेक दाब. दाबत ऱ्हा. कडक झाला? आता पाय काढू नको, चावी फिरव." इंजिन सुरू झालं आणि माझ्या पायाखालचं पेडल अलगद खाली गेलं. "दबलं?" "दबलं, आप्पा." त्यांनी मला पुन्हा तीच तपासणी करायला लावली. मगच जागा बदलून आम्ही निघालो.

ते बैलगाडीच्या वेगाने चालवत होते. मागून हॉर्न वाजत होते. नाशिक जवळ आल्यावर ते म्हणाले, "लोक हसले त्याचं मला काय नाय, पोरी. हसण्यासारखंच केलं होतं." त्यांनी गिअर बदलला. "गाडी थांबली अन् मी पहिलं बॉनेट उघडलं. तुझ्याकडं बघितलंच नाय. तुझ्या सासूकडंबी नाय. नळीकडं बघितलं." आवाज अगदी खाली गेला होता. "लागलं होतं का तुला?"

माझ्या तोंडात "छे हो, काहीच नाही" तयार होतं. सुना असंच म्हणतात. पण त्यांनी एवढे दिवस जपून ठेवलेला प्रश्न होता तो, त्याला खोटं उत्तर देण्याचीच मला लाज वाटली. "लागलं होतं, आप्पा. इथे कपाळाला. टेंगूळ आलं होतं."

"हं," ते म्हणाले. डोळे रस्त्यावरच होते, भरलेले. "लय लागलं?"

"दोन दिवस दुखलं."

इंदिरानगरला मी उतरले तेव्हा त्यांनी क्रेट माझ्याकडून घेतला आणि मागे ठेवून दिला. नंतर पुढची सीट कायम मोकळी राहिली. सासूबाईंनी एसटीचा नाद सोडला.

गेल्या थंडीत आप्पा गेले, बाग फळावर असताना. त्यांची कात्री आता नवऱ्याच्या खिशात असते. गाडी मी चालवते. निघण्याआधी पेडल दाबून बघते, आणि वाटेत कुठे जराशी गचकन थांबले की हात आपोआप शेजारच्याकडे जातो. "लागलं का?" मी विचारते. काही झालेलं नसतं, बरोबरचे हसतात. हसू देत. मी उत्तर येईपर्यंत गाडी पुढे काढत नाही.